विहिरीच्या आधीचं मिनिट

दुपारचं जेवण झालं की भागवत इंगवले आडवा होतो, पण झोपायला नव्हे. झोपेचं आणि त्याचं गेले अकरा महिने बिनसलेलंच आहे. तो कानाला वायर लावतो, डोळे मिटतो आणि फोनमधून स्वतःचाच आवाज ऐकत पडून राहतो.

"मी विहिरीच्या काठावर उभा आहे. हणमंत कमरेला दोर बांधतोय. आत इंजिनाचा धूर कोंडलाय. खाली गाळात एक माणूस पडलाय, त्याचा पाय दिसतोय…"

हा त्याचा गृहपाठ आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात दर गुरुवारी चार वाजता अंजुम मुल्ला मॅडम बसतात. त्यांच्यासमोर डोळे मिटून तो दिवस सांगायचा, आणि तोही झाला म्हणून नाही, आत्ता होतोय म्हणून. ते सांगणं फोनमध्ये भरून घ्यायचं आणि घरी रोज एकदा ऐकायचं. ऐकून ऐकून त्या आठवणीतलं विष उतरतं, असं मॅडमचं म्हणणं. खोटंही नाही ते. पहिल्या आठवड्यात ऐकता ऐकता भागवत मोरीत जाऊन ओकला होता. आता शेजारच्या मळ्यात ऑइल इंजिन सुरू झालं तर हातातला चहा सांडत नाही. बेचाळीस वर्षांचा, नगरपालिकेच्या अग्निशमन दलात अठरा वर्षं काढलेला गडी, त्याला चहाचा कप धरता येतो हीच मोठी कमाई म्हणायची वेळ आली. पण आली खरी.

मग मागच्या गुरुवारी मॅडमनी विचारलं, "भागवतदादा, तुम्ही दर वेळी विहिरीपासूनच सुरुवात करता. घंटा वाजली तेव्हा तर तुम्ही फायर स्टेशनात होता ना? घंटा वाजल्यापासून गाडी निघेपर्यंतचं काहीच तुमच्या सांगण्यात येत नाही. तिथं काय आहे?"

भागवत उठला, चपला घातल्या आणि निघून आला. घरी बायकोला म्हणाला, "आता बास. बरं हाय माझं." आज पुन्हा गुरुवार. शालननं जेवताना एकदाच विचारलं, "चारला जायचंय न्हवं?" तो भाताकडं बघून "न्हाई" म्हणाला. तिनं भांडी जरा जोरात घासली.

पंखा फिरतोय. खिडकीला लावलेल्या चादरीतून ऊन पिवळं होऊन आत येतंय. कानातला आवाज म्हणतोय, "हणमंत खाली उतरतोय, मी दोर सोडतोय, एक हात, दुसरा हात…" आणि हळूहळू त्या आवाजाची कड विरघळते. भागवतला कळतं की आपल्याला झोप लागत्येय, आणि हेही कळतं की आता हात हलवायचा म्हटला तरी हलणार नाही.

"आवाज बारीक कर की जरा," कुणीतरी म्हणतं. "माझं मरण शेजारपाजारी ऐकू जातंय."

पायथ्याशी खुर्चीवर हणमंत शेडबाळे बसलाय. तीच खाकी पँट, गुडघ्यापर्यंत गाळ, गळ्यात ओला टॉवेल. टॉवेलातून पाणी ठिबकतंय आणि फरशीवर पडायच्या आधीच कुठंतरी जातंय.

मेलेल्या माणसानं शांत असावं, डोळ्यांत करुणा वगैरे घेऊन यावं, अशी आपली एक समजूत असते. हणमंत जिवंतपणीच कधी शांत नव्हता. तोंडाळ माणूस. कवायतीत कुजबुजणारा, साहेबाच्या मिशीवरनं स्टेशनभर हशा पिकवणारा. मरणानं त्याच्यात तसूभर फरक पडलेला नाही. उलट तो चिडलाय.

"रोज मारतुयास मला," तो म्हणतो. "दुपारी दोन वाजता. जेवून, ढेकर देऊन."

"मॅडमनी सांगितलंय ऐकायला."

"मॅडमनी सगळं सांगाय सांगितलंय. तू निम्मं सांगतुयास आणि निम्मंच ऐकतुयास. आणि वर म्हणतुयास, बरं हाय माझं! ऊठ."

"कुठं?"

"ऊठ म्हणतोय तर."

भागवत उठतो. पाय फरशीवर टेकतात, आणि फरशीवर लाल सतरंजी आहे. नगरपालिकेचं सभागृह आहे. खुर्च्यांच्या रांगा, समोर व्यासपीठ, मागं हणमंतचा फोटो असलेला मोठा फलक. फोटो ओळखपत्रावरचा, मोठा केल्यामुळं नाकाशी फुटलेला. खाली टेबलावर तीन सेट मांडलेत. पाठीवर सिलेंडर, तोंडावर मास्क, धुरात नि विषारी हवेत श्वास घ्यायचे सेट. तिन्हींना झेंडूचे हार घातलेत.

हे स्वप्नातलं नाही, हे असंच घडलेलं आहे. हणमंत गेल्यावर तीन आठवड्यांनी, याच सभागृहात. फरक एवढाच की आज हणमंत भागवतच्या शेजारच्या खुर्चीवर बसलाय आणि त्याच्या पँटीचा गाळ सतरंजीवर पसरतोय.

अग्निशमन दलाचे साहेब माईकवर आहेत. "आपल्या शूर सहकाऱ्याच्या बलिदानानंतर," साहेब म्हणतात, "प्रशासनानं तातडीनं पावलं उचलून हे अत्याधुनिक सेट मागवले…"

"तातडीनं," हणमंत म्हणतो. "भागा, हे कवा आलं होतं?"

भागवत टेबलावरच्या हारांकडं बघतो.

"मी मरायच्या चार दिस आधी आलं होतं. टेम्पोतनं पेटी मी आणि तू उतरून घेतली. तिसरं कुणी न्हवतं तिथं. स्टोअरची किल्ली तुझ्याकडं. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"मग साहेबानं पेटीला लाल फीत बांधून घेतली. पाहुणे येणार, फीत कापणार, फोटो निघणार. तवर हात लावायचा न्हाई. व्हय का न्हाई?"

"व्हय म्हणतोय की!"

व्यासपीठावर हणमंतच्या बायकोला, वैजयंताला, समईजवळ ढकलताहेत. नवरा जाऊन बावीस दिवस झालेत आणि तिच्या हातात काडेपेटी दिलीय. तिला दिवा लावायचाय. काडी ओढते, विझते. पुन्हा ओढते, विझते. फोटोवाला म्हणतो, "वहिनी, जरा इकडं बघा." सभागृहात कुणालाही यात काही वावगं वाटत नाही. ज्या पेटीपायी तिचा नवरा गेला, त्याच पेटीतल्या सेटची पूजा तिच्या हातून करून घेताहेत, आणि ती बिचारी पदर सावरून कॅमेऱ्याकडं बघतेय. संताप येतो. कुणालाही यावा.

तेवढ्यात टाळ्या वाजतात. भागवतचे हातही वर येतात.

"तवा बी वाजवलीस," हणमंत म्हणतो. त्याच्या आवाजात आता चेष्टा नाही. "का वाजवलीस गा?"

"सगळ्यांनी वाजवली."

"आणि चौकशीचा कागुद वाचलास न्हवं? काय लिवलंय माझ्याबद्दल? म्हण की. तुला पाठ हाय."

भागवतला खरंच पाठ आहे. "सदर कर्मचाऱ्याने उत्साहाच्या भरात, सुरक्षा साधनांची वाट न पाहता, स्वतःच्या जबाबदारीवर विहिरीत प्रवेश केला."

"उत्साहाच्या भरात!" हणमंत उठून उभा राहतो. "लगीन हाय का काय? उत्साह म्हणं! माझ्या दोन्ही पोरी उद्या हे वाचणार, की आमचा बाप उत्साहात मेला. आणि तू खालती सही केलीस, की हे खरं हाय."

समईजवळची काडी पुन्हा विझते. भागवत तिकडं बघत नाही. तो दाराकडं चालायला लागतो, कारण दार उघडं आहे आणि पलीकडून दवाखान्याचा वास येतोय.

बाहेरच्या पडवीत केसपेपरची रांग लागलीय. रांगेत सगळे गमबूट घातलेले. बूट पाण्यात आहेत, पाणी घोट्यापर्यंत आहे, आणि कुणालाच त्याचं काही नाही. वरच्या पाटीवर 'मनोविकार विभाग'. रांगेतला एक जण, चेहरा नसलेला पण आवाज ओळखीचा, म्हणतो, "इंगवले चालला बघा येड्याच्या डॉक्टरकडं. आग विझवणाऱ्याला आता अंधाराचं भ्या वाटतंय." दुसरा म्हणतो, "त्यापरीस देवऋषाकडं न्या, एका नारळात काम व्हईल." हे दोघं स्टेशनात त्याच्या तोंडावर असंच बोलले होते, आणि तो कसनुसा हसला होता.

"तू हसलास," हणमंत म्हणतो.

"मग काय करणार हुतो?"

"धुरात माझ्या खांद्याला धरून चालताना लाज वाटली न्हाई तुला कधी. हितं मॅडमच्या खुर्चीत बसायला वाटती. शहाणाच हाईस." तो रांग मोडून पुढं जातो, मेलेल्या माणसाला रांग कसली, आणि मॅडमच्या खोलीचं दार ढकलतो. "ये. आता हितनं सांग."

आत मॅडम नाहीत. आत स्टेशनचं स्टोअर आहे.

मांडण्यांवर होजपाइपांच्या गुंडाळ्या. रबराचा आणि धुळीचा वास. मांडण्या खालून वर जाण्याऐवजी वरून खाली जाताहेत, विहिरीच्या टप्प्यांसारख्या, आणि खोलीचा तळ ओला आहे. मधोमध लाकडी पेटी. तपकिरी चिकटपट्टीनं सगळ्या बाजूंनी बंद केलेली आणि वरून लाल सॅटिनची फीत, तिचं फूल. कुणी बांधलं असेल ते फूल, पण फार निगुतीनं बांधलंय. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून सतरा मिनिटं. घंटा वाजतेय.

भागवतच्या खिशात किल्लीचं वजन आहे.

"सांग," हणमंत म्हणतो. "होतंय तसं."

"घंटा वाजतीय," भागवत म्हणतो. "फोनवर कोण तरी वरडतंय, विहिरीत माणूस पडलाय, इंजिनाचा धूर हाय. मी स्टोअर उघडलंय. दोर घ्यायला आलोय. पेटीवर हात ठेवलाय मी."

"मग?"

"मग…" भागवत खिशातून फोन काढतो. "थांब, साहेबांना विचारतो."

"आरं, मी मेलोय!" हणमंत असा ओरडतो की मांडणीवरची गुंडाळी खाली पडते आणि पाण्यात बुडते. "अकरा महिनं झालं मला मरून! आता कुणाला विचारतुयास?"

पण फोन लागलेला आहे. साहेबांचा आवाज सगळ्या स्टोअरभर येतो, निवांत, पान खाल्ल्यासारखा. "इंगवले, पेटीला हात लावायचा नाही. परवा पाहुणे येताहेत. विहीरच आहे ना? दोर घ्या आणि निघा."

"होय साहेब," भागवत म्हणतो.

हेच ते. अकरा महिने जे त्यानं मॅडमपासून, शालनपासून, चौकशीवाल्यांपासून लपवलं, ते एवढंच आहे. दोन शब्द. ज्याच्या हाती किल्ली होती त्या माणसानं फीत सुटू नये म्हणून दोस्ताला नुसत्या ओल्या टॉवेलाच्या भरवशावर खाली सोडलं. आगीत भिंत पडताना मागं न सरणारा भागवत इंगवले एका सॅटिनच्या फुलाला घाबरला. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही. नगरपालिकेत नोकरी केलेल्याला लगेच वाटेल.

तो मटकन खाली बसतो. पाणी गार आहे.

"आणि पुढं?" हणमंत विचारतो.

"पुढं काय? संपलं. मी मारलं तुला."

"पुढं बघ की. दारात कोण हाय?"

दारात दुसरा हणमंत उभा आहे. कोरड्या कपड्यातला, त्या दिवशीचा. पायात बूट चढवता चढवता तो म्हणतो, "ऱ्हाऊ दे गा भागा. पेटी फोडलीस तर म्हाताऱ्या साहेबाची वर्षभर कटकट. धा मिन्टाचं काम हाय, जातो आणि येतो." आणि शीळ घालत गाडीकडं पळतो.

"हे तू म्हणालास?"

"म्हणालो. इसरलास व्हय? मी मेल्यावर मला देव केलास, हार घातलास, आणि माझं बोलणं खोडून टाकलंस. सगळं आपल्याच मुंडक्यावर घेऊन बसलाईस. कुणी सांगितलं तुला? माझी चूक माझी मला दे. तुझी हाय तेवढीच तू घे. आणि साहेबाची त्याच्या दारात नेऊन टाक, ती कशापायी वागवतुयास?"

आणि इथं भागवतला राग येतो. अकरा महिन्यांत पहिल्यांदा, आणि तोही मेलेल्या माणसाचा. मॅडमनी एकदा विचारलं होतं, हणमंतचा कधी राग येतो का. तेव्हा त्यानं कानाला हात लावला होता.

"चूक मागतोस?" तो उठतो. पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत आलंय. "मग घे! उतरलास कशाला? टॉवेलनं गॅस अडत न्हाई हे आपल्याला पहिल्या दिवशी शिकवलंय! पोरासोरांना तूच शिकवत होतास! आणि दोर माझ्या हातात दिलास, की मला वढ म्हणून. मी वढला. जीव खाऊन वढला, तळहाताची सालं निघाली, म्हटलं आला हणम्या वर. आणि वर दुसराच! तू आपला दोर सोडून त्याला बांधलास! मला न विचारता! मी तुझा दोर पुन्हा खाली टाकला तर तो हलकाच वर आला. हलका! कळतंय का तुला, हलका दोर वढताना काय होतं ते?"

हणमंत गळ्यातला टॉवेल दोन्ही हातांनी पिळतो, आणि त्यातून पाणीच निघत नाही.

"तो विहिरीतला जिता हाय?" तो विचारतो.

"हाय. महिन्या-दोन महिन्यानं दारात येतो. पिशवीत काय बाय घेऊन येतो, मिरच्या, वांगी. मी आत बसून ऱ्हातो. शालन बोलती त्याच्याशी."

"भेट की त्याला. माझं येवढं एक काम नीट झालंय, तेवढं तरी बघ." मग पेटीला पाय लावून म्हणतो, "आता हे उघड."

"साहेब…" भागवतच्या तोंडून निघतं, आणि तो स्वतःच थांबतो. हणमंत त्याच्याकडं बघतो आणि दोघंही हसतात. खूप दिवसांनी. स्टेशनच्या जुन्या बराकीत हसायचे तसं, पोट धरून.

भागवत खाली बसतो. फुलाचं टोक ओढतो, फीत सुटते आणि पाण्यावर तरंगत जाते. चिकटपट्टीला मात्र सुरुवातच सापडत नाही. तो अंगठ्याचं नख खुपसतो. नख वाकतं. तो पुन्हा खुपसतो, खरवडतो, एक पट्टी निघते तर खाली दुसरी, दुसरीखाली तिसरी. कुठंतरी इंजिन सुरू झालंय आणि तो थांबत नाही. "चल, चल," हणमंत म्हणतोय, जसा तो आगीवर म्हणायचा. शेवटची पट्टी टर्रकन फाटते. नखातून कळ मस्तकात जाते. झाकण उघडतं.

आत लाकडाच्या भुशात, कागदात गुंडाळलेला मास्क आहे. काळा, कोरा, एकाही माणसाचा श्वास न लागलेला.

हणमंत तो उचलतो. उलटसुलट करून बघतो. मग दुकानात नवी टोपी घालून बघावी तसा तोंडाला लावतो, मागचे पट्टे ओढतो, काचेतून भागवतकडं बघतो.

"बसतंय की गा बरोबर," तो आतून म्हणतो.

भागवत रडतोय. हणमंत मास्क काढत नाही. तो आत श्वास घेतो आणि बाहेर सोडतो, आत घेतो आणि बाहेर सोडतो. त्या आवाजानं सगळी खोली भरून जाते, आणि भागवतचा श्वासही त्याच तालावर चालायला लागतो.

"अवो! उठा. अवो!"

शालन खांदा हलवतेय. खिडकीची चादर बाजूला झालीय, ऊन सरळ तोंडावर आहे. फोन केव्हाच बोलून गप्प झालाय. भागवतची उशी भिजलीय.

"केवढ्यांदा वरडत होता! शेजारच्या मामी विचाराय आल्या." मग तिची नजर खाली जाते. "अगं बाई! हे काय? कशानं लागलं?"

तो बघतो. उजव्या अंगठ्याचं नख अर्ध्यातून उलटलंय आणि रक्त मनगटापर्यंत आलंय. नखाखाली काहीतरी अडकलंय. तो ते दुसऱ्या हातानं ओढून काढतो. बोटभर लांबीची तपकिरी चिकटपट्टी. एका बाजूला अजून डिंक आहे, आणि त्याला लाकडाचा बारीक भुसा चिकटलाय. शालन खोलीभर बघते. लाकडी पलंगसुद्धा या घरात नाही, लोखंडी आहे.

"पेटी फोडताना लागलं," भागवत म्हणतो.

"कसली पेटी?"

तो उठून बसतो. पंखा फिरतोय. छातीत धडधडतंय, पण मॅडम विचारतात तसा भीतीला शंभरातला आकडा लावायचा तर तो नव्वद नाही. पन्नास असेल.

"तोंडाला लावायच्या सेटची. सभागृहात वैनीकडनं पूजा करून घेतली न्हवं, त्या. ते मागनं मागवलेलं न्हाईत, शालन. हणम्या विहिरीत उतरला त्या दिवशी ते स्टोअरमध्ये होतं. किल्ली माझ्या खिशात होती. साहेबांनी नको म्हटलं, आणि मी होय म्हटलं."

शालन पलंगाच्या कडेला बसते. चिकटपट्टी त्याच्या हातातून घेऊन ती उजेडात धरते. मग विचारते, "वैजयंताला ठावं हाय?"

"न्हाई."

ती उठते, कपाटातून जुन्या सुती साडीची चिंधी फाडून आणते आणि त्याचा हात मांडीवर घेते. भागवत हात मागं घेतो.

"बांधू नगंस आत्ता," तो म्हणतो. "आधी मॅडमना दावतो. चारला पोचू आपण. मग तिथनं तसंच वैनीकडं जायचंय. तू बी चल."